एका बोटाचं अंतर

तुंगाने स्मार्ट बोर्डवर तळहात टेकवला आणि फिरणारी पृथ्वी थांबली.

आठवीचा सगळा वर्ग हसला. तुंगाने हात तसाच ठेवून मान मागे वळवली.

"काय झालं, मिस?"

"काही नाही," नागरत्ना म्हणाली. "तुझा हात लागला म्हणून थांबली."

"भूमी?"

"व्हिडिओ."

मुली पुन्हा हसल्या. तुंगाही हसली, पण तिने हात काढला नाही. बोटं वर नेली, खाली आणली, आधी डावीकडची कड चाचपली, मग उजवीकडची. बोर्ड कोमट होता आणि काचेसारखा गुळगुळीत. तिच्या तळहाताखाली निळ्या समुद्रावर ढगांची एक पांढरी पट्टी अडकून राहिली होती.

"सगळं सपाटच आहे की," ती म्हणाली.

तुंगाला जन्मापासून दिसत नव्हतं. मैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीने शाळेला हा बोर्ड दिला होता. तो भिंतीवर बसून चारच दिवस झाले होते, आणि आज पहिल्यांदा नागरत्नाने त्यावर विज्ञानाचा पाठ लावला होता. काळ्या आकाशातून निळी पृथ्वी फिरत फिरत पुढे आली तेव्हा सगळ्या मुलींच्या तोंडून एकदम 'हाऽ' असा श्वास निघाला. तो तुंगाने ऐकला होता. म्हणूनच ती बाकावरून उठून, बाकांच्या कडा मोजत पुढे आली होती.

वर्गात सगळं कन्नडमध्ये चालायचं. पण तुंगा जवळ आली की दोघींची जीभ आपोआप मराठीकडे वळायची. ही मराठी मैसूरच्या जुन्या घरांतली होती, अर्धी कन्नड मिसळलेली. नागरत्नाचे पूर्वज कधीकाळी कारकुनी करायला इकडे आले, तुंगाचे पूर्वज कापड रंगवायला. दोन्ही घरांतल्या कुणीही पुणं पाहिलेलं नव्हतं.

"हे कुणी काढलं?" तुंगाने विचारलं.

"कंप्युटरवर केलंय."

"म्हणजे खरं नव्हे?"

"खरंच आहे. पण हे चित्र आहे, तुंगा. भूमी कशी फिरते ते दाखवायला केलेलं."

"मग ती फिरते हे कसं कळलं?"

प्रश्न जुना होता आणि त्याचं उत्तरही नागरत्नाच्या ओठांवर तयार होतं. "दिवस होतो, रात्र होते. सकाळचं ऊन एका बाजूनं येतं, संध्याकाळचं दुसऱ्या बाजूनं. होय की नाही?"

ऊन तुंगाला चांगलं ठाऊक होतं. सकाळी शाळेत येताना ते समोरून तोंडावर यायचं आणि संध्याकाळी घरी जातानाही समोरूनच.

"पण मिस," ती म्हणाली, "भूमी थांबलेली असली आणि सूर्यच फिरत असला, तरी ऊन तसंच येईल की."

घंटा झाली. मुलींनी डबे काढले, कुणीतरी पंखा वाढवला. नागरत्नाने बोर्ड बंद केला आणि काळ्या पडलेल्या काचेत स्वतःचा चेहरा पाहत उभी राहिली. इतकी वर्षं ती हे उत्तर देत आली होती. ते उत्तरच नाही, हे आजवर कुणी तिला सांगितलं नव्हतं. तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

*

दुपारी मुख्याध्यापिका जयलक्ष्मी मेडमनी तिला खोलीत बोलावलं. समोरच्या खुर्चीवर तुंगाची आई, कमलाक्षी, पदर खांद्याभोवती घट्ट ओढून बसली होती. नववीपासून तुंगासारख्या मुलींना विज्ञानाऐवजी समाजशास्त्र घेण्याची मुभा होती. कमलाक्षीला तेच हवं होतं आणि तुंगा ऐकत नव्हती.

"मिस, तुम्हीच सांगा तिला," नागरत्नाला पाहताच कमलाक्षी मराठीत म्हणाली. "घरी दोन दिवस झाले, जेवत नाही नीट. सायन्सच पाहिजे म्हणून बसलीय."

"मार्क चांगले आहेत तिचे."

"आत्ता आहेत. पुढं काय? दहावीत नापास झाली तर? एकदा घरी बसली की बसलीच. तिच्या अप्पांचं कापडछपाईचं काम आज आहे, उद्या नाही. ही नीट पास झाली, डिग्री घेतली, कुठं बँकेत लागली तर मला रात्री झोप येईल." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "उजेडावर एक आख्खा पाठ आहे म्हणे नववी-दहावीत. आरसा, भिंग, काय काय. उजेडाचं ती काय शिकणार, मिस?"

नागरत्नाने टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहिलं. तुंगाला शाळेत रोज हाताला धरून आणणारी ही बाई होती. मंडी मोहल्ल्यातल्या गर्दीतून, हातगाड्या आणि स्कूटर चुकवत, आठ वर्षं.

जयलक्ष्मी मेडम कन्नडमध्ये म्हणाल्या, "घाई नको. महिनाअखेरीस ठरवू. पण नागरत्ना, मुलीला उगाच आशा लावू नका. आपल्याकडे तिला शिकवायला साधन काय आहे? तो बोर्डसुद्धा डोळ्यांसाठीच आहे."

त्या हे निष्ठुरपणे बोलल्या नव्हत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

*

नागरत्नाचा नवरा प्राणेश हेब्बाळच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, यंत्रांचे भाग आणि हत्यारं घडवायच्या विभागात, होता. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून तो घरी आला की आधी कॉफी, मग बोलणं. त्या दिवशी कॉफीआधीच नागरत्ना बोलायला लागली.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग दाखव की तिला, भूमी फिरते ते."

"कसं दाखवू? दिसत नाही तिला."

"तुला तरी कुठं दिसतंय?"

स्टोव्हवरचं दूध वर आलं, ते नागरत्नाने उतरवलं. मग हातातली सांडशी खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, एक आहे. लोलक, म्हणजे लंबक."

बी.एस्सी.च्या पुस्तकात त्यावर एक पान होतं. परीक्षेसाठी तिने ते पाठ केलं होतं. उंच छताला लांब तार, तारेला जड गोळा. गोळा एकदा झोक्यात सोडला की तो आपली रेघ सोडत नाही. खालची जमीन मात्र वळत जाते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं, झोक्याचीच दिशा हळूहळू बदलतेय.

"तू पाहिलंयस?"

"नाही. कॉलेजात कुणी केलंच नाही. आपल्याकडं ते फार हळू होतं. ध्रुवावर दिवसात एक फेरा. मैसूर विषुववृत्ताजवळ, म्हणून इथं तासाला जेमतेम तीन अंश."

"तीन अंश?" प्राणेश हसला. "तेवढा तर पंख्याच्या वाऱ्यानं फिरेल."

पण दुसऱ्या दिवशी त्याने टूलरूमच्या साहेबांना विचारून भंगारातला एक लोखंडी तुकडा घेतला आणि सुट्टीनंतर थांबून लेथवर त्याचा गोळा तासला. घरी आणून त्याने तो जमिनीवर ठेवला. नागरत्नाने उचलायला दोन्ही हात लावले. इतका जड, आणि तरी कुठेही उंचवटा नाही, कड नाही. तिने त्यावरून हात फिरवला आणि तिला तुंगाच्या तळहाताची आठवण झाली.

"आणि हे बघ," प्राणेश म्हणाला. "झोका लहान होत जाणार. म्हणून गोळ्याचा स्पर्श ओळखायला तुंगा जे बोट धरेल ते टोकाला नको, रेघेच्या बाजूला ठेव. गोळा ज्या बाजूला सरकणार त्या बाजूला."

*

शाळेचं प्रार्थनागृह जुनं होतं. छत उंच, मधोमध सागवानी तुळई. शनिवारी शाळा अर्ध्या दिवसाने सुटल्यावर रजा काढून आलेल्या प्राणेशने शिडी लावून तुळईला हुक ठोकला आणि पोलादी तार सोडली. गोळ्याच्या खाली तुंगाच्या वडिलांनी दिलेला मऊ कुंचला बांधला. नरसिंहचं मंडी मोहल्ल्यात छपाईचं दुकान होतं. काय करणार आहात, हे त्याने विचारलं नाही. केस सगळ्यात मऊ असलेला कुंचला निवडून त्याने तो कागदात गुंडाळून मुलीच्या दप्तरात घातला होता.

उत्साहाने थांबलेल्या मुली भिंतीला टेकून बसल्या. तुंगा जमिनीवर झोक्याच्या एका टोकाशी बसली, मधल्या बाजूला तोंड करून. तिचा हात एका फळीवर, बोट रेघेच्या डावीकडे. नागरत्नाने गोळा ओढला आणि सोडला.

काहीच नीट झालं नाही. गोळा सरळ जाण्याऐवजी लांबट वर्तुळ काढायला लागला, आणि थोड्या वेळाने उजवीकडे सरकू लागला. तुंगाच्या बोटापासून लांब.

"मिस, उलटं जातंय," एक मुलगी कन्नडमध्ये ओरडली.

"मग आज भूमी उलटी फिरली का?" तुंगाने विचारलं आणि सगळ्या खो खो हसल्या.

नागरत्नाचे कान गरम झाले. दाराशी जयलक्ष्मी मेडम उभ्या होत्या.

"नाही," ती म्हणाली. "काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते मला अजून कळलेलं नाही."

तुंगाने चेहरा तिच्याकडे वळवला. "तुम्हाला नाही कळलं?"

"नाही."

"मग कसं कळणार?"

"परत करून बघायचं."

तुंगाने मान हलवली. आई न्यायला आली तरी ती लगेच उठली नाही. गोळा उतरवताना तिने दोन्ही हातांनी तो खालून धरला, त्याचं वजन जोखलं, आणि तार गुंडाळून होईपर्यंत तशीच मांडीवर घेऊन बसली.

चूक प्राणेशला सापडली. हुकावर तार एका बाजूला जास्त घासत होती आणि दुसऱ्या बाजूला कमी. त्याने ड्रिल मशीनचा जुना चक आणला. ड्रिलचं पातं जसं सगळ्या बाजूंनी सारखं पकडून ठेवतो, तशी त्याने तार पकडली.

"आणि हातानं सोडू नको," तो म्हणाला. "कितीही जपून सोडलंस तरी बोटाचा धक्का लागतोच. दोऱ्यानं बांधून ठेव. पूर्ण शांत होऊ दे. मग दोरा जाळ."

*

पुढच्या शनिवारी हसायला कमी मुली उरल्या होत्या. बाकीच्या घरी गेल्या. पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, आणि प्रार्थनागृहात उकाडा दाटला. जयलक्ष्मी मेडम किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन आल्या. कुलूप लावायचं होतं, पण त्या काही न बोलता मागच्या खुर्चीवर बसल्या. कमलाक्षी वेळेआधीच आली होती. ती चपला काढून दारातच उभी राहिली.

"आत या की," नागरत्ना म्हणाली.

"इरली, इरली. राहू दे. इथंच बरं आहे."

नागरत्नाने झोक्याच्या एका टोकाला जमिनीवर रांगोळीच्या पुडीचा छोटा बांध घातला. कुंचला तिथून गेला की त्यात खाच पडणार होती. ती बघणाऱ्यांसाठी. दुसऱ्या टोकाला तुंगा. नागरत्नाने तिचा पंजा फळीवर ठेवला, फळीला चिकटपट्टीने बांधला, आणि तिचं बोट झोक्याच्या रेघेपासून एका बोटाच्या अंतरावर आणलं.

"घट्ट वाटतंय का?"

"नाही."

"हात हलवायचा नाही. खाज आली तरी नाही."

"आयतु, मिस. ठीक."

गोळा भिंतीच्या खुंटीला दोऱ्याने बांधून ठेवला होता. तो पूर्ण शांत होईपर्यंत सगळ्या थांबल्या. मग नागरत्नाने मेणबत्ती पेटवली आणि ज्योत दोऱ्याजवळ नेली. दोरा काळा पडला, एक धागा सुटला, आणि गोळा कुणीही न ढकलता निघाला.

आवाज जवळजवळ नव्हताच. इतकं मोठं लोखंड माणसांमधून जात होतं आणि फक्त हवा जराशी बाजूला होत होती. गोळा मुलींकडे यायचा, क्षणभर थबकायचा, जणू काही आठवत असल्यासारखा, आणि परत जायचा. रांगोळीत एक बारीक खाच पडली. पुढच्या खेपेला कुंचला त्याच खाचेतून गेला. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

थोडा वेळ मुली कुजबुजत राहिल्या. कुणी पाय बदलला, कुणी वहीने वारा घेतला, मग ओरडा खाऊन थांबली. मग कुजबुज आपोआप संपली. नागरत्ना रांगोळीवर वाकून बघत होती. घामाचा थेंब नाकाच्या टोकावरून पुडीत पडू नये म्हणून ती पदराने तोंड पुशीत होती. खाच तशीच होती. झोका मात्र लहान झाल्यासारखा वाटत होता. तिच्या मनात आलं, तीन अंश म्हणजे कागदावरचे तीन अंश. या उकाड्यात, या जुन्या तुळईखाली, एका शाळामास्तरणीच्या हट्टाने ते कशाला येतील?

"मिस," खाली वाकलेली आठवीतली विशालाक्षी हळूच म्हणाली. "ती कड बघा."

खाचेची एक कड आता ढासळत होती. एकच कड. दर खेपेला कुंचला तिच्यातले चार कण पाडून जात होता. दुसरी कड जशीच्या तशी होती, तिला कुणी शिवत नव्हतं. खाच एकाच बाजूला रुंद होत होती, आणि ती बाजू बरोबर होती.

कुणी ओरडलं नाही. विशालाक्षीने तोंडावर हात ठेवला. मुली एकेक करून पुढे सरकल्या आणि अर्धवर्तुळ करून बसल्या. देवघरासमोर बसतात तशा. जयलक्ष्मी मेडम खुर्चीवरून उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. किल्ल्या वाजू नयेत म्हणून त्यांनी जुडगा मुठीत घट्ट धरला.

"सरकतोय," कुणीतरी श्वासात म्हणालं. "लोलक सरकतोय."

नागरत्नाने तुंगाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती, झोप लागल्यासारखी. गोळा तिच्याकडे जायचा तेव्हा कुंचल्याचे केस तिच्या बोटापाशी पोचायचे, आणि हवेची एक झुळूक तेवढी लागत असावी. अजून अंतर होतं. मग अंतर दिसेनासं झालं. मग एका खेपेला तुंगाची मान वर आली.

हात हलला नाही. गोळा परत गेला, आला. तुंगाचे ओठ थोडे उघडले. गोळा परत गेला, परत आला.

"लागला?" नागरत्नाने विचारलं. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला.

"हो."

"आला ना तुझ्यापर्यंत?"

तुंगाने आणखी एक खेप होऊ दिली. केस बोटाला स्पर्शून गेले.

"तो नाही आला, मिस," ती म्हणाली. "तो तिथंच आहे. मी आले."

तुंगाच पुढे म्हणाली, सावकाश, एकेक गोष्ट हाताने चाचपावी तशी, "मी. ही फळी. तुम्ही. शाळा. सगळं त्याच्याकडं आलं."

नागरत्ना रांगोळीजवळून उठली. तिला हे ठाऊक होतं. तिनेच मुलींना समजावून सांगितलं होतं, फळ्यावर बाण काढून. तरी इतका वेळ ती सगळ्यांसारखीच बघत होती, लोलक सरकतोय म्हणून. तिच्या डोळ्यांनी तिला जमीन स्थिर दाखवली होती आणि तिने ती मानली होती. आता तिने पायाखालच्या काळ्या फरशीकडे पाहिलं. फरशी जात होती. खांब जात होते, बंद खिडक्या, भिंतीवरची तसबीर, हातात किल्ल्या धरलेल्या जयलक्ष्मी मेडम, बाहेर मंडीतली गर्दी, मिरच्यांची पोती, दुकानात वाकलेला नरसिंह, हेब्बाळच्या रस्त्याला लागलेली कंपनीची बस आणि तीत झोपलेला प्राणेश. सगळं मैसूर एकत्र, एकाही भांड्याचा आवाज न करता, वळत चाललं होतं. हजारो वर्षांत कुणाच्या हातातली वाटी सांडली नव्हती. आणि या सगळ्यात एकच गोष्ट जागेवर राहायचा प्रयत्न करत होती, ती म्हणजे भंगारातून काढलेलं हे लोखंड.

तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे, आनंदाचाही नव्हे. आपण किती मोठ्या गोष्टीवर उभ्या आहोत आणि ती किती सांभाळून नेतेय, असं काहीतरी होतं ते.

दारातून आवाज आला. "आत्ता?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. कमलाक्षीने दाराची चौकट धरली होती.

"आत्तासुद्धा फिरतेय? आपण असे उभे आहोत तेव्हा?"

"आत्तासुद्धा, आई," तुंगा म्हणाली.

कमलाक्षी आत आली. रोज ती तरातरा चालायची, आज फरशीवर पाऊल जपून टाकत होती. ती मुलीजवळ बसली आणि तिने सवयीने तुंगाचा कोपर धरला. तुंगाने दुसऱ्या हाताने चिकटपट्टी सोडवली, स्वतःचा पंजा फळीवरून काढला, आणि आईचा हात कोपरावरून उचलून तिथे ठेवला. मग बोटांनी अंदाज घेत तिने तो आणखी थोडा डावीकडे सरकवला.

"इथं. हलवू नको. डोळे मीट."

"डोळे कशाला?"

"उघडे असले की तो येतोय असं वाटतं."

कमलाक्षीने डोळे मिटले. तिच्या कपाळावर घाम होता आणि भुवया आवळलेल्या होत्या, देवळात नवस बोलताना असतात तशा. गोळा आला आणि गेला. मुलींपैकी कुणी उठलं नाही. नागरत्नाने मेडमकडे पाहिलं. कुलपाची वेळ केव्हाच टळून गेली होती. मेडमनी नुसता हात हलवला, असू द्या म्हणून, आणि साडी सावरून मुलींमध्ये फरशीवरच बसल्या.

"वेळ लागतो," तुंगा आईला म्हणाली.

"लागू दे."

झोका आता लहान आणि संथ झाला होता. बऱ्याच वेळाने, डोळे न उघडता, कमलाक्षीने विचारलं, "मिस, नववीचं सायन्सचं पुस्तक... बोटांनी वाचायचं असतं तसलं... मिळतं का कुठं?"

नागरत्नाला ठाऊक नव्हतं. "मिळालं नाही तर करून घेऊ," ती म्हणाली.

कमलाक्षीने मान डोलावली, अगदी थोडी, हात हलणार नाही इतपत. तुंगा तिच्या खांद्याला टेकून बसली होती. लोलक यायचा, थबकायचा, जायचा. कमलाक्षीचं बोट अजून त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.